थायलंडला जाऊन स्वयंपाकाचा क्लास करावा का? खर्च किती, शिकवतात काय आणि घरी परतल्यावर उपयोग काय?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून थायलंडला सहलीला जाणे आता अप्रूपाचे राहिलेले नाही. मुंबईहून बँकॉक विमानाने साधारण साडेचार तासांवर आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे आहे. मात्र चार-पाच दिवसांच्या अनेक सहलींत रोजचे जेवण ‘इंडियन डिनर’ असते. त्यामुळे पर्यटक बाम, टी-शर्ट आणि फोटो घेऊन परततो, पण ज्या स्वयंपाकासाठी तो देश जगभर ओळखला जातो, त्याची ओळख होतच नाही. यावर अर्ध्या दिवसाचा ‘कुकिंग क्लास’ हा एक मार्ग आहे. त्यावर पैसे आणि सहलीतला एक मोलाचा दिवस खर्च करावा का, शाकाहारी माणसाने काय काळजी घ्यावी आणि शिकलेले इथल्या बाजारातल्या सामानात करता येते का, हे पाहू.

हे क्लास नेमके कसे असतात?

बँकॉक, चिआंग माय, फुकेत अशा पर्यटनस्थळी असे क्लास सहज सापडतात. बहुतेक क्लास अर्ध्या दिवसाचे, म्हणजे साधारण चार तासांचे असतात. सकाळच्या तुकडीला आधी जवळच्या बाजारात नेतात. भाज्या, मसाले, नारळाचे दूध, मासळी दाखवली जाते, वास घ्यायला लावतात. मग स्वयंपाकघरात प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी, कढई आणि चिरण्यासाठी पाट मिळतो. चार-पाच पदार्थ स्वतः करायचे आणि तेच जेवायचे, असा क्रम असतो. शेवटी पाककृतींची पुस्तिका आणि बहुतेक ठिकाणी एक प्रमाणपत्र मिळते.

साध्या अर्ध्या दिवसाच्या क्लासचे शुल्क साधारण १,००० ते १,५०० बाट असते. एका बाटला अडीच ते तीन रुपये धरले, तर माणशी अडीच ते साडेचार हजार रुपये होतात. मोठ्या हॉटेलांचे आणि नामांकित रेस्तराँचे क्लास याहून बरेच महाग असतात. या रकमेत एक पोटभर जेवण आणि बाजारफेरीही येते, हे हिशेबात धरायला हवे. दुपारच्या तुकडीत अनेकदा बाजारफेरी नसते, कारण तोवर बाजार उठलेला असतो. शक्य असेल तर सकाळचीच तुकडी घ्यावी.

थायलंडमध्येच हे क्लास इतके का?

थायलंडने आपले जेवण हे देशाच्या ओळखीचे साधन म्हणून जाणीवपूर्वक वापरले. आज थायलंडचा राष्ट्रीय पदार्थ समजला जाणारा ‘पॅड थाय’ दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात पंतप्रधान प्लेक फिबुनसोंगखराम यांच्या सरकारने राष्ट्रवादाच्या मोहिमेचा भाग म्हणून लोकप्रिय केला. २००२ मध्ये सरकारने ‘ग्लोबल थाय’ हा कार्यक्रम सुरू केला. परदेशात थाई रेस्तराँ वाढावीत आणि त्या चवीमुळे पर्यटक देशात यावेत, हा त्यामागचा विचार होता. डिसेंबर २०२४ मध्ये ‘टॉम यम कुंग’ या कोळंबीच्या आंबट-तिखट सुपाचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाला.

पर्यटकांसाठीच्या क्लासची परंपराही तशी जुनी आहे. चिआंग माय शहरात अशा प्रकारची पहिली शाळा १९९३ मध्ये सुरू झाली. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलमध्ये ‘थाय पॅव्हिलियन’ उघडले आणि मुंबईकरांना या जेवणाची ओळख होऊ लागली. आज थाई करी उपनगरांतल्या हॉटेलांच्या मेन्यूवरही दिसते. पण हॉटेलातली करी अनेकदा आपल्या जिभेला रुचेल अशी बदललेली असते. मूळ चव कशी आहे, हे तिथे गेल्यावरच कळते.

यूट्यूबवर पाहून शिकता येत नाही का?

कृती शिकता येते, चव शिकता येत नाही. थाई स्वयंपाकात आंबट, गोड, खारट आणि तिखट यांचा तोल साधणे हे मुख्य काम आहे आणि ते चमच्याच्या मापाने होत नाही. लिंबू कधी जास्त आंबट असते, मिरची कधी जास्त तिखट. त्यामुळे क्लासमध्ये शिकवणारी व्यक्ती पदार्थ उतरवण्याआधी चाखायला लावते. काय कमी आहे ते विचारते, एक थेंब लिंबू किंवा चिमूटभर साखर घालून पुन्हा चाखायला सांगते. आधीची आणि नंतरची चव लगेच शेजारी ठेवून पाहता येते. व्हिडिओ पाहून हे होत नाही.

दुसरी गोष्ट वाटणाची. करीचे वाटण दगडी खलात कुटून करतात. आधी मीठ आणि कोरडे मसाले, मग गवती चहाचे दांडे आणि गलांगलसारख्या दोरेदार वस्तू, त्यानंतर लसूण आणि छोटे कांदे, सर्वांत शेवटी कोळंबीची पेस्ट, असा क्रम असतो. कठीण वस्तू आधी आणि ओल्या वस्तू नंतर, हे त्यामागचे सूत्र. उलटे केले तर दोरे तसेच राहतात. पाट्या-वरवंट्यावर वाटण केलेल्या पिढीला हे सांगावे लागत नाही. मिक्सरवर वाढलेल्या पिढीला मात्र वाटण किती बारीक व्हायला हवे, हे हाताने करून पाहिल्यावरच समजते.

आपल्या आणि त्यांच्या स्वयंपाकात साम्य किती?

बरेच आहे आणि म्हणूनच मराठी घरातल्या माणसाला हा क्लास परका वाटत नाही. जेवणाला थाई भाषेत ‘आहान’ म्हणतात, तो आपला ‘आहार’. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो ‘गुरू’. दोन्ही शब्द संस्कृत-पालीतून तिकडे गेले.

चिंच-गुळाची आमटी करणाऱ्याला आंबट-गोड-तिखट-खारट हे गणित नवे नाही. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे असते आणि जेवणारा आपल्या आवडीने चव जुळवून घेतो. थाई नूडलच्या दुकानात टेबलावर साखर, फिश सॉस, मिरचीपूड आणि मिरची घातलेले व्हिनेगर ठेवलेले असते, त्याचे काम हेच. सोलकढीसाठी आपण नारळाचे पहिले घट्ट आणि दुसरे पातळ दूध वेगळे काढतो. थाई स्वयंपाकातही घट्ट दुधाला ‘डोके’ आणि पातळ दुधाला ‘शेपूट’ अशा अर्थाची नावे आहेत. करीची सुरुवात घट्ट दूध उकळून त्याचे तेल सुटेपर्यंत आटवण्याने होते, मग त्यात वाटण परततात. ‘तेल सुटेपर्यंत परता’ ही आपल्याकडची सूचना तिथेही लागू पडते.

मिरचीची गोष्टही सारखीच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची गोव्याकडे आली, तशीच ती सयामलाही, म्हणजे आजच्या थायलंडलाही पोहोचली. त्याआधी दोन्हीकडे तिखटासाठी मिरी वापरत. आपण नव्या फळाला मिरीवरून ‘मिरची’ म्हणू लागलो. थाई लोकांनी मिरीसाठी असलेला ‘प्रिक’ हा शब्द मिरचीला दिला आणि मिरीला ‘प्रिक थाय’, म्हणजे थाई प्रिक, म्हणू लागले. मसामन करीत तर दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ असा आपला ओळखीचा गरम मसालाच असतो. तो मुस्लीम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून आला, असे मानले जाते.

शाकाहारी मंडळींनी काय विचारावे?

हा या क्लासमधला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. थाई स्वयंपाकात मिठाचे काम बऱ्याच प्रमाणात ‘नाम प्ला’, म्हणजे मासळीपासून केलेला फिश सॉस, करतो. करीच्या तयार वाटणात ‘कापी’ ही आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट असते. परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घालतात. पॅड थायमध्ये अंडे आणि सुकी कोळंबी असते. त्यामुळे भाज्यांची करी दिसायला शाकाहारी असली, तरी ती तशी असेलच असे नाही.

बुकिंग करतानाच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : फिश सॉसऐवजी सोया सॉस किंवा मीठ मिळेल का, करीचे वाटण कोळंबीच्या पेस्टशिवाय तिथेच करणार की तयार आणणार, आणि कढई-पळी वेगळी मिळेल का. बँकॉक आणि चिआंग मायमध्ये फक्त शाकाहारी स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळाही आहेत. घरात कडक शाकाहार असेल, तर थेट तिथेच जाणे सोयीचे.

दोन शब्द लक्षात ठेवावेत. ‘मांगसाविरत’ म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडे चालू शकते. ‘जे’ म्हणजे चिनी बौद्ध परंपरेतला कडक शाकाहार. त्यात मांस-मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे, ही अशा दुकानांची खूण. जैन कुटुंबांना ‘जे’ जेवण बरेच जवळचे वाटेल, मात्र त्यात बटाटा, गाजर यांसारखे कंद चालतात, हे ध्यानात ठेवावे. रस्त्यावर खाताना ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, हे वाक्य उपयोगी पडते.

शेंगदाणा किंवा कोळंबीची अॅलर्जी असलेल्यांनी ती बुकिंगच्या वेळीच सांगावी. पॅड थाय, मसामन करी, सोम ताम या नेहमीच्या पदार्थांत शेंगदाणे असतात आणि बारा जणांच्या वर्गात एकाच पाटावर चिरलेले सामान सगळ्यांकडे फिरू शकते.

क्लासमध्ये तुळस कढईत पडते, त्याचे काय?

अनेक मराठी पर्यटक इथे थबकतात. ‘पॅड क्रापाव’ हा थायलंडचा रोजच्या जेवणातला पदार्थ. चिकन किंवा डुकराचा खिमा लसूण-मिरचीवर परतून त्यात मूठभर ‘क्रापाव’ची पाने घालतात. क्रापाव म्हणजे आपल्या अंगणातली तुळसच, वनस्पतिशास्त्रात दोघींचे नाव एकच आहे. ज्या घरात तुळशीचे लग्न लागते, तिथल्या माणसाला हे सहज पचणारे नाही. तिथे ती सुगंधी भाजी आहे, त्यात कोणाच्या श्रद्धेचा अनादर नाही. पण नको असेल, तर तसे आधी सांगून दुसरा पदार्थ निवडता येतो. बहुतेक क्लासमध्ये पदार्थ निवडायची मुभा असते.

ग्रीन करीत घालतात ती पाने वेगळी. तिला ‘होराफा’ म्हणतात आणि ती सब्जाच्या जातीतली आहे. उल्हासनगरच्या फालुद्यात ज्याचे भिजलेले बी आपण खातो, तोच हा सब्जा. कुंडीत सब्जाचे बी पेरले तर होराफाच्या जवळ जाणारी पाने घरी मिळतात, सुगंध मात्र थोडा वेगळा असतो.

इथल्या बाजारात सामान मिळते का?

क्लासचा खरा कस इथे लागतो. पाककृतीची पुस्तिका कपाटात पडून राहण्याचे मुख्य कारण ‘सामान मिळत नाही’ हेच असते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त सामान आपल्याकडे रोजचे आहे : नारळ, चिंच, लिंबू, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, धणे, जिरे, शेंगदाणे, कच्ची पपई.

गवती चहा घराघरांत कुंडीत असतो, पण आपण त्याची पाने चहात टाकतो. थाई स्वयंपाकात खालचा पांढरट, जाड दांडा वापरतात. म्हणून बाजारातली पानांची जुडी उपयोगाची नाही, घरच्या कुंडीतून दांडा मुळापासून उपटून घ्यावा. कोथिंबिरीची मुळे आपण कापून फेकतो, तीच तिथे वाटणाचा आधार असतात. स्वच्छ घासून धुतली की झाले. ताडाच्या साखरेऐवजी फिका, कमी खारट गूळ चालतो. जास्मिन तांदळाऐवजी आंबेमोहोर जवळचा वाटतो. आंब्यासोबत खातात त्या ‘स्टिकी राइस’ला मात्र खास चिकट तांदूळच लागतो, इंद्रायणीने तो पोत येत नाही.

गलांगल हे आल्यासारखे दिसणारे मूळ आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन म्हणून सुके मिळते. ताजे नसेल तर थोडे कमी आले वापरावे, चव तीच येणार नाही. माक्रूत लिंबाची जोडपाने हा सर्वांत अवघड भाग. कागदी लिंबाची कोवळी पाने आणि किसलेली साल यांनी थोडे काम भागते. घरपोच किराणा देणाऱ्या अॅपवर आणि मोठ्या सुपरमार्केटमध्ये ही पाने अधूनमधून मिळतात. मिळाली की फ्रीझरमध्ये ठेवावीत, महिनोन्‌महिने टिकतात.

कापीसाठी तर या भागातल्या आगरी घरांना लांब जायला नको. कापी ज्या बारीक कोळंबीपासून करतात, ती आपल्या जवळ्याच्याच कुळातली. सुका जवळा भाजून, कुटून वाटणात घातला तर आंबवलेली चव येत नाही, पण समुद्राचा तो वास नक्की येतो.

येताना काय आणता येते आणि काय नाही?

सीलबंद वाटणे, सॉस, सुका मसाला आणता येतो. पण पातळ पदार्थ आणि पेस्ट १०० मिलिलीटरपेक्षा जास्त असतील, तर त्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत. त्या चेक-इन सामानात, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवाव्यात. फिश सॉसची बाटली फुटली तर सगळे कपडे धुवावे लागतील.

रोपे, बियाणे, लावणीचे कंद असे काही मात्र आणू नये. २००३ च्या ‘प्लांट क्वारंटाइन’ आदेशानुसार लागवडीचे साहित्य देशात आणण्यासाठी परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते. परदेशी कीड-रोग आपल्या शेतात शिरू नयेत, हा त्याचा हेतू आहे.

याहून गंभीर मुद्दा गांजाचा. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. त्यानंतर तिथे गांजा घातलेली बिस्किटे, चॉकलेट, पेये उघड विकली जाऊ लागली. २०२५ मध्ये तिथले नियम पुन्हा कडक झाले. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू आहे आणि ‘तिथे दुकानात मिळाले’ हा बचाव इथे चालत नाही. खाऊच्या पाकिटावर गांजाच्या पानाचे चित्र आहे का, हे पाहूनच खरेदी करावी. कोणी ‘हे पार्सल मुंबईत द्या’ म्हटले, तर स्पष्ट नकार द्यावा.

व्हिसा आणि प्रमाणपत्राचे काय?

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये त्याची मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहावी. १ मे २०२५ पासून प्रवेशाआधी ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. ते मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. अर्ध्या दिवसाचा क्लास पर्यटक म्हणून करता येतो. काही महिन्यांचा व्यावसायिक अभ्यासक्रम करायचा असेल, तर वेगळा शैक्षणिक व्हिसा लागतो.

क्लासचे प्रमाणपत्र ही आठवण आहे, पात्रता नव्हे. घरगुती डबे किंवा वीकएंडच्या ऑर्डर घेणाऱ्या महिला मेन्यूत थाई पदार्थ घालू शकतात, पण विक्रीसाठी ‘एफएसएसएआय’ची नोंदणी आवश्यक असते. शेंगदाणा, कोळंबी, सोया यांचा उल्लेख ग्राहकाला स्पष्ट करावा.

क्लास केव्हा करावा आणि घरी पहिल्यांदा काय बनवावे?

शक्यतो सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी. एकदा बाजार पाहिला, चार पदार्थ केले, की पुढचे दिवस मेन्यू वाचता येतो, काय मागायचे आणि काय टाळायचे ते कळते आणि खरेदीही नेमकी होते. शेवटच्या दिवशी केलेल्या क्लासचा हा फायदा मिळत नाही. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी मोकळा अर्धा दिवस कोणता, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मुले सोबत असतील, तर किमान वयाची अट आहे का तेही पाहावे.

घरी परतल्यावर पहिल्या आठवड्यातच एक पदार्थ करावा, नाहीतर जिभेवरची चव विसरते. चार माणसांच्या भाज्यांच्या ग्रीन करीसाठी ८-१० हिरव्या मिरच्या, गवती चहाच्या २ दांड्यांचा पांढरा भाग, पेरभर आले, ६ लसूण पाकळ्या, ४-५ छोटे कांदे, कोथिंबिरीची ४-५ मुळे, चमचाभर भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरे, थोडी मिरी, किसलेली लिंबाची साल आणि मीठ एवढे वाटण पुरते. एका मोठ्या नारळाचे घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवावे, त्यात वाटण परतावे, मग पातळ दूध आणि कोवळी हिरवी वांगी, फरसबी, गाजर घालावे. भाज्या शिजल्यावर गुळाचा लहानसा खडा आणि थोडा सोया सॉस. शेवटी गॅस बंद करून सब्जाची पाने घालावीत आणि चाखून पाहावे : तिखटामागे गोडवा लागतो का, मीठ कमी आहे का? गरज वाटली तर पुन्हा एक थेंब सोया सॉस, पुन्हा एक चव. क्लासमध्ये चार तास शिकवले जाते ते एवढेच आणि ते जमले तर दिलेले पैसे वसूल झाले असे समजावे.